महापरसादाचं नाव

भार्गव रागावत नाही, याचीच मीनाक्षीला धास्ती होती.

एरवी हा पोरगा नाकावर राग घेऊन फिरणारा. वरणात मीठ कमी पडलं की ताट सरकवायचा, क्रिकेटची मॅच हरली की दिवसभर कोणाशी बोलायचा नाही. आता डाव्या हातानं शर्टाची बटणं लावताना चार वेळा चुकायचा, पण तोंडातून शब्द नाही. कोर्टाचा निकाल लागल्यापासून तर तो घरात पाहुणा असल्यासारखा वावरत होता. पुढ्यात आलं ते खायचा आणि ताट स्वतः उचलून ठेवायचा. काही विचारलं तर एकच उत्तर, "जाऊ दे ना, आई."

हे 'जाऊ दे' तिच्या उरावर बसलं होतं. सव्वीस वर्षांचा मुलगा. उजव्या पंजाला अंगठा तेवढा उरलाय, आणि म्हणतो जाऊ दे! अजून काय काय जाऊ द्यायचं?

त्यांचं घर छत्तीसगढात, शहरातल्या ब्राह्मणपारा या जुन्या मोहल्ल्यात. भोसल्यांच्या अमलात कधीतरी आलेलं घराणं. तेव्हापासून सगळे कारकून, मास्तर, फार तर वकिलाचे मुन्शी. हाताला शाईशिवाय दुसरा डाग कोणाला माहीत नव्हता. भार्गव पहिला, ज्याच्या नखांत ग्रीस असायचं. शाळेत असताना त्यानं घरातला मिक्सर उघडला, मग शेजारच्यांचा कूलर, मग गल्लीतल्या देवळाचा लाऊडस्पीकर. बँकेतून रिटायर झालेले शिरीष, त्याचे वडील, म्हणायचे, "बँकेची परीक्षा दे." तो म्हणायचा, "बाबा, बँकेत दुरुस्त करण्यासारखं असतं काय?" पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाला आणि उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये ठेकेदारामार्फत तो फिटर म्हणून लागला. घरी आला की अंगाला लोखंडाचा वास यायचा. मीनाक्षी नाक मुरडायची, आणि तोच वास धुताना मनातून सुखावायची. पोराला आपल्या मनाचं काम मिळालं होतं.

तिथेच त्याला टिकेश्वर भेटला. बीरगावचा, हेल्पर, दोन लेकरांचा बाप. एकदा टिकेश्वर जगन्नाथपुरीला जाऊन आला, तिथला वाळवलेला महाप्रसाद घेऊन. त्यानं भार्गवशी 'महापरसाद' बदलला. छत्तीसगढात मैत्रीची अशी गाठ बांधतात. दोन्ही घरचे जमतात, नारळ होतो, दोघं एकमेकांना प्रसाद भरवतात आणि जन्मभराचे मितान होतात. मीनाक्षी गोल बाजारातून टिकेश्वरच्या आईसाठी लुगडं घेऊन बीरगावला गेली होती. त्या माउलीनं तिचे दोन्ही हात धरले. "आज ले तैं एखर फूलदाई अस, बहिनी." फूलदाई म्हणजे मितानाची आई, सख्ख्या आईइतक्या मानाची.

त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांचं नाव घेतलं नाही. मितानाचं नाव घ्यायचं नसतं, असा रिवाजच आहे. टिकेश्वर गल्लीच्या तोंडापासून "सीताराम महापरसाद!" अशी हाळी द्यायचा, की अख्ख्या पाऱ्याला कळायचं कोण आलंय. शिरीष चिडवायचे, "अहो, आपल्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. यांचं लग्न कधी लागलं?" भार्गवही हसायचा तेव्हा.

मग मिलमधली ती पाळी. रोलरच्या गिअरपेटीत काहीतरी अडकलं म्हणून भार्गवला बोलावलं. मशीन बंद होतं, त्याचा हात आत होता आणि पलीकडून कोणीतरी बटण दाबलं. टिकेश्वर चार पावलांवर होता. त्यानंच धावत जाऊन मेन स्विच पाडला, त्यानंच गमछा बांधला, त्यानंच टेम्पोत मांडीवर डोकं घेऊन दवाखान्यात नेलं. मिलमधून आला तो फक्त ठेकेदाराचा माणूस. त्यानं "बीमा के काम के लिए" म्हणत उशाखालचा गेटपास, कामाचा तेवढाच एक कागद, मागून नेला. मीनाक्षीनंच काढून दिला होता. भला माणूस वाटला.

भरपाईचा अर्ज केला तेव्हा मिलचं लेखी उत्तर आलं. हा इसम आमचा कामगार नाही. ठेकेदारानं लिहिलं, माझाही नाही. तो मागच्या भिंतीवरून भंगार उचलायला आत शिरला असावा.

भंगार! मीनाक्षीनं ते वाक्य वाचलं तेव्हा ती कणीक मळत होती. तो गोळा तिनं परातीत असा आपटला की शिरीष पेपर टाकून उठले. ज्याच्या हातानं यांची मशीनं चालत होती, तो चोर? आणि त्याचा हात खाणारे साव?

कामगार कोर्टात सगळा भार टिकेश्वरच्या साक्षीवर होता. अपघात डोळ्यांनी पाहिलेला आणि बोलायला तयार असलेला तो एकटाच. मिलच्या वकिलानं त्याला विचारलं, "जिसका हाथ कटा, वो कौन है?"

"मोर महापरसाद आय, साहेब."

"रिश्ता नहीं पूछा। नाम बताओ।"

टिकेश्वर पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिला. "नांव नइ लेवन, साहेब."

"नाम पता ही नहीं, और कहता है साथ में काम करता था!" वकील कोर्टाकडे वळून हसला. "ये गवाही देने नहीं, प्रसाद बाँटने आया है।"

मागे दोघंतिघं हसले. भार्गवचा वकील दुसऱ्या केसची फाईल चाळत होता. तो बिहारकडून नवा आलेला, त्याला या रिवाजाचा गंध नव्हता, आणि विचारायची गरजही वाटली नाही. मीनाक्षी बाकावरून अर्धी उठली तर शिपायानं तिला "बैठिए माताजी" म्हणून खाली बसवलं. निकालात दोन ओळी आल्या: साक्षीदारास अर्जदाराचे नावही सांगता आले नाही, सबब त्याची साक्ष विश्वासार्ह नाही. अर्जदार मिलच्या कामावर होता हे सिद्ध होत नाही. अर्ज नामंजूर.

आणि यावर कडी म्हणजे दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं टिकेश्वरच्या पाठीवर थाप मारली. "बढ़िया गवाही दी रे!" तेव्हापासून टिकेश्वर घरी आला नाही. गल्लीत ती हाळी ऐकू आली नाही.

शिरीष म्हणाले, झालं ते झालं. मीनाक्षी म्हणाली, झालं नाही. आणि ती भार्गवला ओढत शर्मिष्ठाकडे घेऊन गेली. ही पुण्याहून लग्न होऊन आलेली, मराठी मंडळात ओळख झालेली तरुण वकील. तिनं निकाल दोनदा वाचला.

"अपील होतं," ती म्हणाली. "बिलासपूरला, हायकोर्टात. निकालापासून साठ दिवसांत. त्यातला महिना तुम्ही घरात बसून घालवलात. पण एक समजून घ्या, तिथे सगळी केस पुन्हा पहिल्यापासून ऐकत नाहीत. कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तरच."

"हात तुटला हा मुद्दा नाही?" मीनाक्षीनं विचारलं.

"ती वस्तुस्थिती झाली, काकू. ती ठरवायचं काम खालच्या कोर्टाचं."

"आणि हेच मिलवाले हरले असते तर?"

"तर भरपाईची सगळी रक्कम आधी जमा करून, तसा दाखला जोडूनच त्यांना अपील करता आलं असतं. कामगाराला तसं काही भरावं लागत नाही."

"वा! एवढा एक चांगला नियम, तोही ते हरले तर लागणार!"

शर्मिष्ठा हसली नाही. तिनं पेन उघडलं. "भार्गव, मला एक सांग. तू ठेकेदाराचा माणूस ठरलास तरी काम मिलच्याच धंद्याचं होतं, म्हणून मिलची जबाबदारी सुटत नाही. तो मुद्दा मी बघते. पण तू तिथे कामाला होतास हे सांगणारा हा एकच साक्षीदार. याचं नाव काय?"

भार्गवनं आईकडे पाहिलं.

"निकालात आहे, पण मला तुझ्याकडून ऐकायचंय. एकत्र काम करत होतात ना? मग नाव?"

भार्गवनं मान खाली घातली. शर्मिष्ठानं पेन टेबलावर ठेवलं. "तुलाही माहीत नाही?"

तेव्हा मीनाक्षीचा बांध फुटला.

"टिकेश्वर! टिकेश्वर निषाद! माझ्या पोट्ट्याले माहीत नाही होय? बाई, ते महापरसाद आहेत, मितान! नाव घेत नाहीत ते एकमेकांचं, मेले तरी घेणार नाहीत! माझ्या सासूबाईंनी पन्नास वर्षं मामंजींचं नाव घेतलं नाही. उखाण्यात काय घेतलं असेल तेवढंच. म्हणून कोणी म्हटलं का, की ही बाई यांची बायको नाही? नाव घेत नाही, हाच तर पुरावा आहे! अनोळखी माणसाचं नाव घ्यायला काय लागतं? त्या दिवशी तो वकील दहादा भार्गवचं नाव घेत होता. तो काय आमचा सोयरा आहे?"

बोलून झाल्यावर तिला धाप लागली. शर्मिष्ठानं पाण्याचा ग्लास पुढे केला आणि साक्षीचा कागद काढून वाचला.

"हे रेकॉर्डवर कुठेच नाही," ती म्हणाली. "त्याचे शब्द आहेत, 'नाव नाही घेत'. कोर्टानं त्याचा अर्थ लावला, 'नाव येत नाही'. समोरचा पुरावा कोणी असा उलटा वाचला, तर तो कायद्याचा मुद्दा होऊ शकतो. पण हा रिवाज मी तोंडी सांगून भागणार नाही. टिकेश्वरचं प्रतिज्ञापत्र लागेल. ते घ्यायचं की नाही हे हायकोर्ट ठरवील, खात्री मी देत नाही. घेतलं, तर केस पुन्हा खाली पाठवतील, साक्ष नीट ऐकायला. ते नसेल तर माझ्या हातात फार थोडं आहे."

मीनाक्षीला वाटलं, आता रस्ता सापडला. रिक्षात बसताच भार्गव म्हणाला, "अपील नाही करायची."

"काहून?"

"त्याले काढून टाकतील, आई. आता ठेकेदार खूश आहे त्याच्यावर. कागदावर सही केली की दुसऱ्या दिवशी गेटवर थांबवतील. दोन लेकरं आहेत. माझा हात गेला, आता त्याची भाकर घेऊ?"

तिला त्याचा राग आला आणि अभिमानही वाटला, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे तिला रडूही येईना. तर हे होतं त्या 'जाऊ दे'च्या पोटात! पोरगा खचला नव्हता. मितानाच्या आड उभा राहिला होता, तुटका हात घेऊन.

पण घरी येऊन भाजी निवडताना तिचा संताप पुन्हा वर आला, आणि या खेपेला तो भार्गवकडेही वळला. मिलनं ठरवलं, हा आमचा नाही. वकिलानं ठरवलं, याला नाव माहीत नाही. ठेकेदारानं ठरवलं, टिकेश्वर आपल्या कामाचा बावळट आहे. आणि आता आमचे चिरंजीव ठरवताहेत, टिकेश्वरला झेपणार नाही. त्या माणसाला कोणी काही विचारलंय का? भर कोर्टात हसू झालं तरी ज्यानं रिवाज मोडला नाही, तो पाठीवरची ती थाप घेऊन महिनाभर कसा झोपत असेल? त्याला नाही म्हणायचं असेल तर त्यानं म्हणावं. ती एका शब्दानं बोल लावणार नाही. त्याच्या दारी जाऊन लेकरांच्या हातावर खाऊ ठेवून येईल. पण 'नाही' म्हणायचा हक्कही त्याचा, आणि 'हो' म्हणायचाही.

तिनं मेथीचे हात पदराला पुसले आणि फोन घेतला. मिलच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ होती.

आवाज ऐकून भार्गव दारात आला. "आई, कोणाले फोन लावून राहिली?"

"टिकेश्वरले."

"मी नाही म्हटलं होतं ना!" तो ओरडला. कित्येक दिवसांनी ओरडला. डाव्या हाताची मूठ त्यानं चौकटीवर आपटली, आणि मीनाक्षीला इतकं बरं वाटलं की तिनं डोळे मिटून घेतले.

"ओरड," ती म्हणाली. "खूप ओरड. पण मी त्याची फूलदाई आहे. माझ्या दुसऱ्या पोट्ट्याले मी विचारणार. तुले त्याचं नाव घेता येत नाही ना? मले येतं."

तिनं नंबर लावला.