सूट घातलेले स्पीकर

मास्तरांनी आयुष्यात स्वतःची शिलाई कधी उसवली नाही. हे मास्तर शाळेतले नव्हेत, कोट-पँट शिवणारे. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून कुरकुरायचं, "मास्तर, पोटात आवळतंय हो." मास्तर तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणायचे, "कपडा बरोबर आहे. पोट आत घ्या." गिऱ्हाईक पोट आत घेऊन घरी जायचं आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्यांच्याच दारात यायचं. कारण मास्तरांचा कोट चढवला की बँकेतला शिपाईसुद्धा कर्ज नाकारण्याच्या लायकीचा दिसायचा.

एकदाच कुणीतरी त्यांना चारचौघांत सुनावलं. ती त्यांची विहीण. मुलीच्या लग्नात भरल्या हॉलमध्ये, मास्तरांनीच शिवलेल्या जावयाच्या कोटावरून हात फिरवत विहीणबाई म्हणाल्या, "उजव्या खांद्यात ओढतोय. जरा उसवून घ्या ना."

"कोट सरळ आहे," मास्तर म्हणाले, "खांदा वाकडा आहे."

झालं. तेव्हापासून दोघांत "बरं आहे?" आणि "बरं आहे" यापलीकडे शब्द नाही. तेही मुलीने डोळे वटारले तर.

पुढे मास्तरांच्या डोळ्यांनी दगा दिला. सुईत दोरा जाईना, दुकान बंद झालं. घरी आली ती मोठी कात्री आणि दुकानातल्या फळीवरचे दोन लाकडी स्पीकर. त्यांना गाणं पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर आधीच धूर सोडून निवर्तला होता. "सुटला बिचारा," असं मास्तरीणबाईंनी देवासमोर हात जोडून सांगितलं होतं. उरलेल्या मुक्या पेट्या बैठकीत विद्रूप दिसतात म्हणून मास्तरांनी बायकोकडून दोरा ओवून घेत, उरल्यासुरल्या नजरेवर त्यांना चक्क सूट शिवला. काळं उंची कापड, आतून कोटाच्या छातीला लावतात तसा कडक कॅनव्हास, आणि टाके असे की भिंग घेऊन शोधा. मग एकावर कुंडी आली, दुसऱ्यावर चष्मे. येणारा-जाणारा विचारायचा, "ही काळी स्टुलं कुठून घेतली हो?" आणि मास्तरांची छाती फुगायची.

आता मूळ दुखणं सांगते. लांबच्या शहरातल्या मुलीने आईवडिलांसाठी कॉम्प्युटर पाठवला. दर रविवारी संध्याकाळी त्यात तिचा चेहरा उगवायचा. चेहरा छान मोठा, आवाज मात्र मुंगीचा. फोनवर बोलायचं तर एकाने ऐकायचं, दुसऱ्याने "काय म्हणाली?" विचारायचं, आणि तोवर गाडी पुढच्या स्टेशनात. म्हणून कॉम्प्युटरच बरा, असं ठरलं. मास्तरीणबाईंनी तर सोपा मार्ग काढला होता. मुलीचे ओठ हलायचे थांबले की त्या गोड हसून "हो, हो" म्हणायच्या. देवाशी बोलताना तरी ऐकू कुठे येतं, पण चालतंय ना, असा त्यांचा हिशोब.

तो हिशोब गेल्या रविवारी चुकला. सोमवारी मुलीचा मेसेज आला : "आई, तू किती मोठ्या मनाची गं! सासूबाईंना महिनाभर तिकडे ठेवून घ्यायला लगेच तयार झालीस. येत्या रविवारी बोललो की तिकीट काढते."

मास्तरांनी मेसेज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"अगं, तू हो म्हणालीस?"

"मला वाटलं, ती विचारतेय, तब्येत बरी ना?"

"महिनाभर! ती बाई माझ्या घरात महिनाभर! सकाळी उठून माझ्या पडद्यांची शिलाई बघेल!"

"मग कळवा लिहून, जमणार नाही म्हणून."

"लिहून नको. लिहिलेलं ती बाई घरभर दाखवील आणि जन्मभर जपून ठेवील. रविवारी तोंडानेच सांगू, गोडीत. पण आधी समोरचं नीट ऐकू तर यायला हवं. नाहीतर नाही म्हणायला जायचो आणि तू वर्षभराचं आमंत्रण देशील."

"मीच सापडते तुम्हाला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही शेजारीच बसला होतात. मान तर माझ्यापेक्षा जोरात हलवत होतात."

यावर मास्तरांना खोकला आला.

तेव्हाच त्यांचं लक्ष कुंडीखाली गेलं. एके काळी या पेट्यांनी अख्खी गल्ली दणाणून सोडली होती. कॉम्प्युटर त्यांना जोडला तर मुंगीचा हत्ती व्हायला कितीसा वेळ? मास्तरांनी कुंडी उतरवली, एक जुना हेडफोन घेतला आणि ज्या कात्रीने कुणाला कधी कागदसुद्धा कापू दिला नव्हता, त्या कात्रीने त्याची वायर तोडली. स्पीकरच्या तारांना पीळ दिला आणि पिन कॉम्प्युटरच्या भोकात खुपसली.

"देवा," मास्तरीणबाई डोळे मिटून म्हणाल्या, "घर जाळायचंच असेल तर निदान स्वयंपाकघर सोड."

देवाने घर सोडलं, पण आवाजही दिला नाही. पेटीला कान चिकटवला तर आत कुठेतरी एखादा डास आजारी असावा तसं काहीतरी. तेवढंच.

मास्तर तणतणत कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याकडे गेले. हा त्यांचा जुना मित्र. मास्तरांनी शिवलेल्या पँटमध्ये अर्धं आयुष्य श्वास रोखून काढलेला.

"पेट्या मेल्या रे," मास्तर म्हणाले.

"मेल्या नाहीत, उपाशी आहेत. कॉम्प्युटरच्या त्या भोकातून येतं ते कानात घालायच्या बोंडांपुरतं. एवढ्या मोठ्या पेट्यांना त्याने काय होणार? मध्ये अ‍ॅम्प्लिफायर हवा." त्याने खणातून साबणाच्या वडीएवढी डबी काढली. "ही घेऊन जा. कॉम्प्युटर हिला, ही भिंतीतल्या विजेला, आणि हिच्यातून दोन-दोन तारा दोन्ही पेट्यांना. लाल ती लालला, काळी ती काळीला. एका पेटीची उलट लावलीस तर एक ढकलील तेव्हा दुसरी ओढील, आवाजात दमच राहणार नाही."

"म्हणजे आमच्या घरासारखं."

"आणि सुरू करताना आवाज बारीक ठेव. तुझी बायको घाबरेल."

"ती मला घाबरत नाही, डबीला काय घाबरते!"

रविवारी दुपारी मास्तरांनी सगळं सांगितल्याबरहुकूम जोडलं. तारा लाल-काळ्या मनापासून जुळवल्या. डबीवर निळा दिवा लागला. मास्तरांनी एक बातमीपत्र लावलं, बटण हळूहळू फिरवलं. आणि आवाज आला! मोठा आला, पण बातम्या देणाऱ्याच्या तोंडात कुणीतरी उशी कोंबलीय असा आला. "म्मंत्र्म्मी म्मणाले" यापलीकडे मंत्री काय म्हणाले ते कळेना.

"खरंच असं बोलले असतील," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तरांनी फोन लावला. "अरे, तुझी डबी बोबडी आहे!"

"डबी ठणठणीत आहे," पलीकडून रेडिओवाला म्हणाला. "पेट्यांच्या तोंडावर काही टाकलंयस का? टॉवेल, बिवेल?"

"टॉवेल? छे. मी काय..."

मास्तर मध्येच थांबले. समोर काळ्या सुटात दोन्ही स्पीकर ताठ बसले होते. उंची कापड, कडक कॅनव्हास. कोटात माणसाचं सुटलेलं पोट दबून राहावं म्हणून लावायचा तो कॅनव्हास. सूट शिवला तेव्हा पेट्या मुक्याच होत्या, त्यामुळे दबलंय काय हे कुणाला कळलंच नव्हतं.

"मास्तर? आहेस का?"

"आहे," म्हणून मास्तरांनी फोन ठेवला.

मास्तरीणबाई शिवणाच्या डब्यातून उसवायची आकडी घेऊन आधीच पुढ्यात उभ्या होत्या.

"नाही उसवणार," मास्तर म्हणाले. "यासारखं काम माझ्या हातून पुन्हा व्हायचं नाही आता. डोळे राहिलेत का?"

"मग येऊ देत विहीणबाई. मी आज पुन्हा हो-हो म्हणते."

मास्तरांनी आकडी हिसकावून घेतली. पण टाका दिसेल तर शपथ! स्वतःच्याच बारीक कामापुढे बोटं चाचपडू लागली. शेवटी मास्तरीणबाईंनी खाली बसकण मारली. त्या टाका दाखवायच्या, मास्तर तोडायचे. "हळू गं, कापड फाटेल." "फाटू दे, पेटीला कुठे लग्नाला जायचंय?" एकेक टाका टचकन तुटत होता आणि मास्तरांचा चेहरा दाढ उपटून घेणाऱ्या माणसासारखा होत होता. दुसरी पेटी उघडी पडली आणि तेवढ्यात कॉम्प्युटर वाजू लागला.

"आई! बाबा!" मुलगी अशी खणखणली की मास्तरीणबाई दचकून मागे सरकल्या. ती जणू मांडीवर येऊन बसली होती. तिच्या मागे कुठेतरी नळ गळत होता, तोसुद्धा ऐकू येत होता.

"मग, सासूबाईंचं तिकीट काढू ना?"

मास्तरांनी घसा खाकरला. गोड नकार त्यांनी पाठच केला होता. पण त्याआधीच मुलीच्या पाठीमागच्या खोलीतून, पडद्यावर न दिसणारा एक आवाज आला. एरवी तो या घरापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं, आणि बोलणारीलाही तीच खात्री होती.

"अगं, राहू दे तिकीट. त्यांनी तोंडदेखलं हो म्हटलं असणार. कोटावरून मास्तरांचा राग अजून गेला नाहीये. आणि खरं सांगू का, कोटात काही खोट नव्हती. पोरगा लहानपणी पडला तेव्हापासूनच त्याचा खांदा वाकडा आहे. पण आई असून चारचौघांत कसं कबूल करू? असू दे, मी राहीन इथेच. तुम्ही दोघं कामावर गेलात की फ्रीजशी बोलते मी. तो निदान मध्ये मध्ये हुंकार देतो."

नळ गळत राहिला. मुलीला वाटलं नेहमीप्रमाणे ऐकू आलं नसेल. तिने वाकून मोठ्याने विचारलं, "बाबा, तिकीट काढू का म्हटलं?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. मास्तरीणबाई गोड हसत नव्हत्या, ओठांकडेही बघत नव्हत्या. "हो," त्या म्हणाल्या. एकदाच.

मास्तर डबीकडे, मग मांडीवरच्या उसवलेल्या काळ्या कापडाकडे बघत राहिले. मग कॉम्प्युटरला तोंड लावून, पार मागच्या खोलीत पोचेल अशा आवाजात ओरडले, "विहीणबाई, येताना जावयांचा तो कोट घेऊन या! उजव्या खांद्यात उसवून देतो!"