माँजींची अट आणि माझं खुराडं

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. हैदराबादला शिकून बी.ए. झालो, अंबडला कोर्टात कारकून लागलो. त्याचा अभिमान मला तेव्हाही होता, आजही आहे. पण कोंबड्यांचं खुराडं कसं बांधतात, ते मला ठाऊक नव्हतं. गावाकडं आई कोंबड्या मोठ्या टोपलीखाली झाकायची. सकाळी एखादीची नुसती पिसंच सापडली तर मांजराला शिव्या द्यायची आणि कामाला लागायची.

अंबडात तसं भागणार नव्हतं. बाळंतपणानंतर बायको उठून उभी राहिली की तिला चक्कर यायची. डॉक्टर म्हणाले, रोज अंडं द्या. उन्हाळ्यात बाजारातली अंडी निम्मी सडकी निघायची. आणि आम्ही राहायचो एका म्हाताऱ्या मारवाडी जैन बाईंच्या मागच्या खोलीत. त्यांचा मुलगा जालन्यात दुकान बघायचा, घरात त्या एकट्याच. आम्ही त्यांना माँजी म्हणायचो. त्यांच्यापुढं अंड्याचा विषय काढायला मला फार धीर गोळा करावा लागला.

"कोंबडा न्हाई ना आणणार?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, माँजी. कोंबड्याशिवाय अंड्यात जीव नसतो."

त्यांनी मागच्या अंगणाकडं एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "दवा म्हणून ठेवा. चूल बाहेर, भांडं अलग. पण बाबूजी, माझ्या अंगणात जीव जाता कामा न्हाई. तुम्ही कापा, न्हाईतर बिल्ली खाऊ दे, मला सारखंच. ज्या दिवशी जीव गेला, त्या दिवशी खोली खाली. बराबर?"

"बराबर," मी म्हणालो, आणि त्याच क्षणी माझी नजर मागच्या भिंतीतल्या मुंगसाच्या बिळावर गेली.

तान्हं पोर घेऊन दुसरी खोली कुठं शोधणार? मी बाभळीच्या फळ्यांचा सांगाडा केला. रॉकेलचे डबे कापून, ठोकून सपाट केले आणि चारी बाजूंनी, वर आणि खाली पत्रा मारला. बोट जाईल एवढी फटही ठेवली नाही.

"कोंबड्या ठेवून राह्यलात का तिजोरी?" बायको म्हणाली.

तीन कोंबड्या आणल्या. सकाळी मी काठी घेऊन राखणीला बसलो तरच त्या अंगणात फिरायच्या. कोर्टात निघताना आत घालून कडी लावायचो.

त्या आठवड्यात ऊन एकदम चढलं. दुपारी कोर्टात खिडकीजवळच्या लोखंडी कपाटाला हात लागला आणि चटका बसला. पत्रा! मी तसाच सुट्टी मागायला आमच्या वरिष्ठ कारकुनांसमोर, नाझरसाहेबांसमोर, जाऊन उभा राहिलो.

"घरी आग लागली का काय?"

"न्हाई साहेब. कोंबड्या."

मागं सगळं ऑफिस हसलं. मी हसण्याकडं लक्ष दिलं नाही, धावत सुटलो.

घरी खुराड्याचं दार सताड उघडं. बायको पोराला कडेवर घेऊन भिंतीला टेकली होती. "चोची वासून पडल्या होत्या हो. मीच सोडल्या. पण आता दोनच दिसून राह्यल्यात."

मी आधी बिळाशी गेलो. पीस नाही, रक्त नाही. तेवढ्यात माँजींच्या घरातून हाक आली, "बाबूजी! जल्दी इकडं या!"

मी तसाच आत गेलो. त्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेर नाकाला पदर लावून उभ्या होत्या. आत, निवडून ठेवलेल्या गव्हाच्या टोपलीत, आमची तिसरी कोंबडी बसली होती. मला पाहताच ती ओरडत उठली. खाली गव्हावर अंडं.

ज्या घरात कांदासुद्धा शिजत नव्हता, त्या घरात. गेली खोली, मी मनात म्हटलं.

"जिंदी हाये ना?" माँजींनी विचारलं.

"हाये, माँजी."

"मंग आपली बोली मोडली न्हाई. पण ते उचला आधी. मला बघवत न्हाई."

मी कोंबडी आणि अंडं दोन्ही उचललं. टोपलीतला गहू त्यांनी गाईला घालायला लावला, आणि स्वयंपाकघर स्वतः धुतलं.

दुसऱ्या सकाळी मी पत्र्याला खिडक्या पाडल्या, जाळी ठोकली आणि खुराडं अंगणातल्या कडुलिंबाच्या सावलीत ओढलं. माँजी आल्या. आपला वाळलेला हात त्यांनी जाळीच्या कडेच्या फटीतून मनगटापर्यंत आत घातला.

"माझा हात जाऊन राह्यला. मुंगसाचं डोकं न्हाई जाणार?"

मी आणखी एक पट्टी ठोकली. त्यांनी पुन्हा हात घातला. बोटं अडली.

"आता?" मी विचारलं.

 त्या वाकून खुराड्याच्या दुसऱ्या खिडकीकडं गेल्या आणि तिथंही हात घालून बघू लागल्या.