करपलेली वेल

तणनाशकाचा वास आला की घनसावंगीच्या घराच्या अंगणात पसरलेली ती पिवळ्या फुलांची वेल आठवते. आई गेल्यावर तिच्या दारातून मी ती आणली होती. वेलीत हरळी माजली, म्हणून खुरपायला मजुरीवर एक मावशी यायच्या. भावाकडे जाताना मी यांना आणि मावशींना, दोघांनाही बजावलं, "औषध मारू नका." परतले तर सगळी वेल करपलेली. हे म्हणाले, "मावशींनी मारलं असंल, जल्दी उरकायला." मी मावशींना नको ते बोलले. "म्या न्हाई मारलं, ताई," म्हणत त्या यांच्याकडं बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी यांचा शर्ट धुवायला घेतला, तर त्याला तोच उग्र वास. मी काहीच विचारलं नाही. बाजारात मावशी दिसल्या की आजही मी वाट बदलते, आणि घरी येऊन यांचेच कपडे धुते.