एका शून्याचा माणूस

सहादू गांगुर्डे सत्तर सालच्या सुमारास नाशिकला शरणपूर रोडवरच्या एका इंजिनिअरच्या ऑफिसात ट्रेसर म्हणून चिकटला, आणि चिकटला म्हणजे चिकटलाच. साहेब गणित करायचे, सहादू ते आकडे नकाशावर उतरवायचा. साहेबांना सवय सेंटिमीटरची, नकाशा मात्र मिलिमीटरमध्ये. तेव्हा सहादूचं काम एकच, आकड्यापुढे एक शून्य लावायचं. भिंत असो, खिडकी असो की संडासाचं दार, शून्य लावलं की झालं. एवढ्याचा पगार मिळतो हे त्याच्या बायकोला, विमलाबाईला, कधी पटलं नाही. शेजारणींना ती ‘आमचे हे नकाशात आहेत’ असं मोघम सांगायची.

सहादूला मात्र गणित करायचं होतं. आपण काढलेल्या आकड्याच्या भरवशावर कुठेतरी काहीतरी उभं राहावं, एवढीच त्याची इच्छा. साहेबांच्या कानावर घातली तेव्हा ते म्हणाले, “बघू.” साहेबांचं ‘बघू’ म्हणजे नगरपालिकेचं ‘लवकरच’.

पुढे ऐंशीच्या दशकात बांधकामाच्या नियमांचा नवा कोड आला. किलो गेले, न्यूटन आले. सहादूचं न्यूटनशी पहिल्यापासून जमलं नाही. किलो डोक्यावर घेता येतो, तागडीत घालता येतो. न्यूटन कुणी भद्रकालीच्या बाजारात पाहिलाय? साहेबांनाही तो मानवला नसावा, कारण नव्या पद्धतीचं पहिलं काम आलं आणि साहेब नारायण नागबळी करायला त्र्यंबकेश्वरला निघाले. शांती पितरांची करायची होती की न्यूटनची, ते काही बोलले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, “गांगुर्डे, नामपूरच्या निवृत्तीशेठच्या गोदामात माळा घालायचाय. त्याच्याकडचा जुना गर्डर बाजरीची पोती पेलेल का ते काढा, आणि फोन करून टाका.”

सहादूने त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला. पोलादाच्या कोष्टकांचं पुस्तक उघडलं, गर्डरचा दम सांगणारा आकडा शोधला. आकडा घन सेंटिमीटरमध्ये, हवा होता घन मिलिमीटरमध्ये. इतक्या वर्षांचा वळलेला हात; त्याने एक शून्य लावलं आणि पुढे सरकला. उत्तर आलं ते असं की तो गर्डर स्वतःच्या वजनानेच लाजून वाकावा. सहादूने दोनदा पडताळून पाहिलं, म्हणजे तीच चूक दोनदा केली. मग नामपूरला ट्रंककॉल लावून घसा साफ करत सांगितलं, “शेठ, या गर्डरवर मांजरही चढू देऊ नका.”

घरी विमलाबाईने थाळीत बेसनाच्या वड्या थापल्या होत्या. तिने उभ्या रेघा मारल्या, आडव्या मारल्या. पाच पट्ट्यांच्या बघता बघता पंचवीस वड्या झाल्या. सहादूच्या हातातला चहा तसाच राहिला. लांबीला दहा, तर क्षेत्राला दहा गुणिले दहा. आणि घनाला थाळीवर थाळी, हजार. म्हणजे एक नाही, तीन शून्यं. शाळेतल्या पोराला येतं ते, आणि आपण शून्य लावण्याचाच पगार खातो, या विचाराने तो अक्षरशः गार पडला.

तीन शून्यं लावून त्याने गणित पुन्हा केलं. आता गर्डर दणकट निघाला, पण शेठने ठरवलेली सगळी पोती त्याला झेपत नव्हती. निम्मीच झेपत होती. ट्रंककॉल लागेना. साहेब सोवळ्यात. सहादू सकाळच्या एसटीत बसला आणि सटाण्याला गाडी बदलून नामपूरला उतरला.

गोदामात शेठने उत्तराची वाट न बघताच माळा घालून टाकला होता आणि त्यावर आढ्यापर्यंत पोती रचली होती. माळ्याखाली लंकाबाई नावाची एक मजूर बाई आणि आणखी दहाबारा बाया कांदा निवडत बसल्या होत्या. निवृत्तीशेठ सहादूला बघून आधी पोट धरून हसला.

“गांगुर्डेभाऊ, तुम्ही मांजर चढू देऊ नका म्हनलात. ती तं कालदिनच माळ्यावर व्यायनी. चार पिल्लं शेतस वर.”

“शेठ, माझं चुकलं होतं,” सहादू म्हणाला. “पण आताचं बरोबर आहे. निम्मी पोती उतरवा.”

“पहिलेंग मांजर नको, आते निम्मी बाजरी नको. साहेबले येऊ द्या, त्यास्ले ईचारू.”

सहादूला राग आला. शेठचा कमी, स्वतःचा जास्त. चुकीचा आकडा सांगितला त्यावर हसले, आता खरा सांगतोय तरी हसतायत, आणि यात शेठची काही चूक नाही, हेच त्याला जास्त झोंबलं. त्याने इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला, शिडी चढला आणि एक पोतं पाठीवर घेऊन थरथरत उतरला. ट्रेसरची पाठ ती. पोतं खाली टेकेस्तोवर त्याला धाप लागली. तो दुसऱ्यासाठी वळला. शेठचे हमाल बिड्या ओढत मजा बघत होते.

लंकाबाईने हातातला कांदा खाली ठेवला.

“ओ शेठ,” ती म्हणाली, “मी चुकनू हाई सांगाले नाशिकथीन इतला लांब कोन येस?” मग बाकीच्या बायांकडे वळून म्हणाली, “उठा वं, भायेर बसू.” बाया टोपल्या घेऊन उठल्या. गोदामातलं काम थांबलं तसा शेठ हसायचा थांबला, आणि त्याने हमालांना हात केला.

लंकाबाई दारातून सहादूला म्हणाली, “कितला पोता उताराना शेतस, भाऊ?”

सहादूने आकडा सांगितला. कुणी साहेबांचं नाव काढलं नाही, कुणी पुन्हा विचारलं नाही. हमाल शिडी चढले आणि त्याच्या आकड्याबरहुकूम पोती उतरू लागली.