सेवेकरी

गाणगापुरातल्या ज्या लॉजवर मी कारकून आहे, तिथं उतरणारी माणसं बहुतेक महाराष्ट्रातली. त्यांची नावं वहीत लिहायची, किल्ली द्यायची, गरम पाणी कधी मिळेल ते सांगायचं, एवढंच माझं काम. खोल्या झाडणं, चादरी धुऊन पिळणं, संडास घासणं, हे सगळं अक्का करायची. ती मला अण्णा म्हणायची, वयानं मोठी असून.

अक्का दुबलगुंडीची. नवऱ्याचा आजार हटेना म्हणून अकरा दिवसांच्या सेवेला त्याला घेऊन आली होती. नवरा गेला आणि ती इथंच राहिली. मालकांनी जिन्याखालची खोली दिली, काम दिलं. महिन्याला तिच्या हातावर जे ठेवत, त्याला ते पगार म्हणत नसत, प्रसाद म्हणत. आता प्रसाद कमी पडला असं कोण म्हणणार? सुट्टी नावाची गोष्ट नव्हतीच. पौर्णिमेच्या गर्दीत तर तिला जेवायलाही कुणी बस म्हणत नसे. त्यात मीही आलो.

एकदा कामगार खात्याचे एक साहेब तपासणीला आले. तरुण, सरळ माणूस. मालक गल्ल्यावर बसलेले, मी शेजारी, अक्का ओले हात पदराला पुसत समोर उभी. साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं, इथं काय काम करता?

"सेवा माडतीन री," ती म्हणाली. म्हणजे, सेवा करते.

पगार? तर म्हणाली, प्रसाद मिळतो. हे दोन्ही शब्द मराठीत तेच आणि कन्नडमध्येही तेच, त्यामुळे साहेबांना वेगळं काही समजायला वावच नव्हता. तरी त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी एक वाक्य बोललो असतो तर ती कामगार ठरली असती. किमान वेतन, आठवड्याची सुट्टी, सगळं तिच्या हक्काचं झालं असतं. मी वहीत डोकं घातलं. साहेबांनी 'सेवेकरी' लिहून तिचा अंगठा घेतला.

ते गेल्यावर मी तिच्यावरच चिडलो. "अक्का, असं कामून सांगितलंस?"

"मग काय, संडास घासते म्हनून सांगू? म्हायेरी सगळ्याला माहीत हाय, मी म्हाराजांच्या सेवेला हाय म्हनून. भाऊ येतेत की दर्शनाला."

तिच्यावर चिडणं मला सोयीचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

पुढच्या पावसाळ्यात ओल्या चादरींची बादली घेऊन जिना उतरताना ती घसरली. उजवं मनगट मोडलं आणि वाकडंच बसलं. चादर पिळता येईना, तसं मालकांनी तिला गावी जाऊन आराम करायला सांगितलं. त्यांचा आवाज फार मऊ होता. भरपाई मिळते असं कुणीतरी तिला सांगितलं, म्हणून मी तिला कलबुर्गीच्या कामगार कार्यालयात घेऊन गेलो. मालकांना, दवाखान्यात नेतो, असं सांगून.

तिथल्या बाईंनी त्या तपासणीचा कागद काढून पाहिला. "ह्या सेवेकरी आहेत. कामगार असल्याशिवाय भरपाई बसत नाही." मग थोडं थांबून त्यांनीच वाट काढून दिली. "तिथं ह्या कामाला होत्या, असं लिहून देणारं कुणी आहे का?"

मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. घर, दोन मुली, मालकांचा चेहरा, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. अक्कानं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही पाहिलं.

"न्हाई जी," ती बाईंना म्हणाली, "कुनी न्हाई. ह्ये अण्णा आमच्या गावचे हायेत, वाट दावायला आलेत."

बसमध्ये तिनं आपलं तिकीट डाव्या हातानं स्वतःच काढलं. मला वाटलं होतं ती रडेल, निदान बोल लावेल. मला ते हवं होतं.

आता जिन्याखालच्या खोलीत औरादकडची एक बाई राहते. मालकांनी सांगितलं तसं मी तिचं नाव वहीत घेतलं आणि पुढं 'सेवेकरी' असं लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.