आवडाबाईंचे मोकळे हात

पडेगावात आबेदाला कोण ओळखत नाही? दौलताबाद रोडच्या कुठल्याही मंगल कार्यालयात नवरी बसली, की तिच्यापुढं मेंदीचा कोन घेऊन आबेदा बसलेलीच. लग्न हिंदूंचं असो की मुसलमानांचं, मेंदी हिचीच. हात असा सफाईचा, की नवरीला डुलकी लागली तरी रेघ हलायची नाही. पण खरं सांगायचं तर बाई आतून वैतागली होती. हल्लीच्या पोरी बसायच्या आधीच मोबाइल पुढं करतात, "दीदी, डिट्टो अशीच पाहिजे." तीच वेल, तीच कैरी, तोच मोर. मोर काढून काढून आबेदाला मोराचाच राग यायला लागला होता.

तिच्या डोक्यात भलतंच घोळत होतं. रस्त्याकडेला पाट्या मांडून सीताफळं विकायला बसतात ना, त्या सीताफळांचे डोळे तिला हातावर उतरवायचे होते. तळवा गच्च भरायचा नाही, मधे चांगली जागा सोडायची. पण करून बघायचं कुठं? कागदावर मेंदी रंगते कशी ते कळत नाही. नवरीच्या हातावर करून बघायचं म्हणजे लोकांच्या लग्नाचा खेळखंडोबा. राहता राहिला स्वतःचा डावा हात. तोही तिनं रंगवला, आणि नेमका एका नवरीच्या आत्याबाईंच्या नजरेस पडला. "हिला स्वतःच्या हातावर धड काढता येईना, आमच्या पोरीच्या काय काढणार?" म्हणत आत्याबाईंनी काम दुसरीला दिलं. तेव्हापासून डावा हात कोराच. "चाललंय ते बरं चाललंय की," तिचा नवरा शफीक म्हणाला. कूलर दुरुस्त करणारा साधा माणूस, तो बोलला ते तिच्या काळजीनंच. पण आबेदाला ते लई लागलं. जन्मभर दुसऱ्याच्या मोबाइलमधले मोरच काढायचे का?

शेजारी आवडाबाई राहायच्या. मूळच्या पिशोरच्या. नवरा गेल्यावर मुलगा राजेंद्र त्यांना इकडं घेऊन आला होता. एकदा दुपारी ओट्यावर मेथी निवडता निवडता आबेदानं त्यांच्याजवळ मन मोकळं केलं. आवडाबाईंनी सगळं ऐकलं, हात पदराला पुसले आणि दोन्ही पुढं केले.

"माझ्यावर कर."

आबेदा गडबडली. विधवा बाईच्या हातावर मेंदी काढत नाहीत, हे काय तिला कुणी सांगायला पाहिजे होतं? एवढ्या लग्नांत मेंदी काढलेली बाई ती. "मावशी, तुमच्यात चालत नाही ना?"

"नाय चालत. म्हणून तर मोकळे हायेत."

घ्या! आबेदा उठली आणि घरातून कोन घेऊन आली.

मग दर गुरुवारी, राजेंद्र कामाला गेला की ओट्यावर दोघींची बैठक बसायला लागली. मेंदी फिकी कालवायची, तासाभरात धुऊन टाकायची, म्हणजे रंग लवकर उतरतो. कुणी पाहुणं आलं किंवा राजेंद्र घरात असला, की आवडाबाई हात पदराखाली घ्यायच्या. सून सुरेखाला सगळं ठाऊक होतं. ती गालातल्या गालात हसायची आणि दोघींना चहा आणून द्यायची.

पण म्हाताऱ्या हातावर काढणं म्हणजे काय चेष्टा आहे? नाजूक रेघ ओढली की सुरकुतीत शिरून बेपत्ता. पहिलं सीताफळ तर बघण्यासारखं झालं. आवडाबाईंनी हात लांब धरून बघितला नि म्हणाल्या, "आगं, हे तर कासव हाय." आबेदाचं तोंड उतरलं. तशी म्हातारी म्हणाली, "उतरंल की चार-आठ दिसात. पुढच्या बारीला बघू." चुकलं तरी पुढची बारी आहे, असं आबेदाला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. घरी जाऊन ती नमाजाला बसली, तेव्हा दुआत या शेजारणीचं नाव सगळ्यात आधी आलं.

हळूहळू तिला उमगत गेलं. सुरकुत्यांशी भांडायचं नाही, त्यांच्या कडेकडेनं जायचं. रेघ जाड ठेवायची. तळव्याचा मध्य सोडून द्यायचा. आणि एका गुरुवारी मनगटावर खरंखुरं सीताफळ उतरलं, डोळा न् डोळा भरलेला. दोघी बघतच राहिल्या.

घोळ झाला तो त्याच दिवशी. पुढच्या आठवड्यात पिशोरला आवडाबाईंच्या पुतण्याच्या पोरीचं लग्न होतं. आबेदानं बजावलं होतं, "मावशी, तासाभरात धुवा बरं का." पण एवढं चांगलं उतरलेलं धुवायचं म्हातारीच्या जिवावर आलं. पोरीला आपल्या कामाचा खरा रंग बघायला मिळावा, म्हणून तिनं रात्रभर हात फडक्यात बांधून ठेवले आणि सकाळी तव्यावर लवंगा टाकून त्यांची धुरीसुद्धा घेतली. मग काय, रंग असा चढला की लग्नाचा दिवस आला तरी उतरायचं नाव नाही.

निघायच्या सकाळी भिंतीपलीकडून राजेंद्रचा आवाज आबेदाला ऐकू आला. "हे काय आई? पिशोरला लोक तोंडात शेण घालतील आपल्या." आवडाबाई काय बोलल्या ते कळलं नाही. आबेदा दिवसभर स्वतःलाच दोष देत राहिली. आपल्या हौसेपायी म्हातारीची भर मांडवात शोभा होणार. तिनं ठरवूनच टाकलं, परत आल्या की माफी मागायची आणि हे सगळं बंद करायचं. मोर तर मोर.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परतले. आबेदा दारात जाऊन उभी राहिली, तर पुढं राजेंद्रच आला. ती खाली मान घालून म्हणाली, "भाऊ, चूक माझी आहे. परत नाही होणार."

राजेंद्रनं पिशवी खाली ठेवली. "ताई, आधी ऐका तर. आमच्या थोरल्या काकूनं मांडवात आईचा हात धरला अन् सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, 'कुणाच्या नावाची गं ही मेंदी?' सगळ्या बाया बघायला लागल्या. मला तर वाटलं, जमीन फाटावी."

"मग?" आबेदानं विचारलं.

"आईनं हात सोडवला नाही. म्हणली, 'आमच्या आबेदाच्या नावाची. शिकायलीय पोरगी, कुठं तरी काढून बघायला पाहिजे का नाय तिनं?' मग काकूनंच हात सोडला. मला येताना बसमधी सारखं तेच आठवत होतं."

आजवर कितीतरी नवरींच्या मेंदीत आबेदानं त्यांच्या नवऱ्यांची नावं लपवून काढली असतील. तिचं नाव कुणाच्या हातावर असायचं काही कारणच नव्हतं. मागून आवडाबाई आल्या, पदर सावरत, दमलेल्या. आबेदानं त्यांचे दोन्ही हात धरले आणि डोळ्यांना लावले, आणि मग तिला रडू आवरेना.