मुंबईच्या पाण्याचा कागद

माझी बायको गेल्या वैशाखात गेली. मी चौथीपर्यंत शिकलेला, लिहायची सवय नाही. पण हे लिहायला पाहिजे.

ऐंशीनंतरची वर्षं. मासळी खात्याचे एक साहेब आमच्या खाडीवर लोकांना शिकवायला यायचे. शाळेच्या बाई, मास्तर, बाजारपेठेतल्या बायका अशी माणसं ओहोटीला खाडीतल्या वाळूच्या पट्ट्यावर न्यायचे. तिथे कांदळाची मुळं चाचपायची, रावसाची बोटभर पिल्लं बादलीत घेऊन बघायची, वाळूतल्या शिंपल्या, म्हणजे तिसऱ्या, हातानं उकरायच्या आणि लहान निघाल्या तर परत पुरायच्या. होडी माझी. तिसऱ्या काढून दाखवायला माझी बायको.

पहिल्याच वेळी, जायच्या आदल्या संध्याकाळी साहेबांनी आमच्या अंगणात कागद पसरला. मुंबई बंदराच्या भरती-ओहोटीचा छापील तक्ता.

"सकाळी सातला पूर्ण ओहोटी. नऊपर्यंत आरामात काम करू."

बायको दारातून म्हणाली, "मुंबयचा पाणी वेगळा. हय तासभर आधी फिरता."

हे मलाही ठाऊक होतं. आमच्या वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण साहेब खात्याच्या बोटीवर कायमचा माणूस घेणार होते आणि ती नोकरी मला हवी होती. त्यांचा कागद खोटा पाडायचा धीर झाला नाही. उलट तिच्यावरच ओरडलो, "गप रव गो! साहेबांका शिकवतंस?"

ती आत गेली.

सकाळी सहाला सगळी गुडघाभर पाण्यातून पट्ट्यावर गेली. सातला बघतो तर होडी नांगरावर फिरून उभी, तोंड समुद्राकडे. भरती लागली होती. मी बायकोकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून उकरत राहिली. साहेब रंगात येऊन रावसाबद्दल सांगत होते. मी तेव्हाही तोंड उघडलं नाही.

आठ वाजायला आले तेव्हा तीच उठली. "उठा सगळी! पाणी भरला!"

"अहो, अजून तासभर आहे," साहेब म्हणाले.

"घड्याळ ठेवा खिशात. पायांकडे बघा."

मधल्या चरात कमरेवर पाणी आलं होतं आणि ओढ अशी की उभं राहवेना. बारा-तेरा माणसं, होडीत मावणार पाच. बायका रडायला लागल्या.

"तू आधी चढ," मी तिला म्हटलं.

"ह्यांका घेवा. ह्यांका पोवाक येना नाय."

"तुका तरी खंय येता?"

"माका पाण्यात उभी रवाक येता. वल्हवा!"

पहिली खेप नेली. दुसरीला ओढीनं होडी पट्ट्याच्या पार खाली गेली, खेचून वर आणताना हात सोलले. तिसऱ्या खेपेला पट्टाच दिसेना. ती आणि साहेब, दोघंच कमरेच्या वर पाण्यात. साहेब होडीकडे झेपावायला बघत होते आणि तिनं मागून त्यांचा सदरा घट्ट धरलेला.

"होडी येवंदे! का पोवत मुंबयक जातास?"

साहेबांना आत घेतलं. तिला घ्यायला हात पुढे केला आणि तिच्या पायाखालची वाळू सरकली. ती दिसेनाशी झाली. मी वल्हं टाकून पाण्यात हात घातला, अंबाडा हाताला लागला, केसांना धरून वर ओढली. ती खोकत होती.

काठावर साहेब तिला म्हणाले, "तुम्ही काल सांगत होतात." मग माझ्याकडे वळले. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

सगळी माणसं बघत होती. ती लुगडं पिळत होती.

"नाही," मी म्हटलं.

पिळता पिळता तिचे हात थांबले. मग परत पिळायला लागली.

नोकरी मिळाली नाही. भरती न ओळखणारा माणूस खात्याच्या बोटीवर कोण घेणार? पुढे साहेब आले की वेळ तिलाच विचारायचे, आणि बाजारपेठेतल्या बायका तिच्याभोवती बसून ऐकायच्या. मला वाडीतली माणसं पारावर बघून हसायची, "काय रे, आज भरती आसा काय सुकती?" तिच्यासमोरही म्हणायची. तिनं एका शब्दानं खरं सांगितलं असतं तर हसणं थांबलं असतं, आणि मग माझं तोंडही कुणी बघितलं नसतं. तिनं ते शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मलाही कधी ऐकवलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

मला ठाऊक होतं.